ड्रॉइंग कुठं अडकलंय?

सिव्हिलला असलेली भाचरं, जुन्या साइटवरचे ज्युनिअर, मैत्रिणींच्या मुली यांचे अधूनमधून फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो. मॅनेजर व्हायचं तर काय करायचं? पीएमपी ही प्रोजेक्ट मॅनेजरची परीक्षा देऊ, निकमार या बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्थेत शिकू, की सरळ दुबई गाठू? फोनवर मी काहीतरी सांगते, पण ते धड पोचत नाही. म्हणून माझं कसं झालं ते एकदा सविस्तर लिहिते. मी पुण्यात एका बिल्डरकडे डिझाइन मॅनेजर आहे. त्याआधी बरीच वर्षं साइटवर होते, मग प्लॅनिंगला.

या पदाचं काम बाहेरच्यांना कळत नाही. खरं तर साइटवरच्या बऱ्याच जणांनाही कळत नाही. मोठ्या प्रोजेक्टला आर्किटेक्ट बाहेरचा असतो, स्ट्रक्चरल कन्सल्टंट वेगळा, प्लंबिंगचा वेगळा, इलेक्ट्रिकलचा, फायरचा, लँडस्केपचा वेगळा, लिफ्टची कंपनी आणि शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यांची, कंपनी आणखी वेगळी. प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर असतं. साइटवर मात्र बीम एकच असतो, आणि त्याच बीमच्या पोटातून प्लंबरला चार इंची पाइप न्यायचा असतो. ही सगळी ड्रॉइंगं एकमेकांशी जुळवून, शंका मिटवून, 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन'चा शिक्का मारून वेळेत साइटच्या हातात देणं हे डिझाइन मॅनेजरचं काम. तो स्वतः एकही रेघ ओढत नाही. पण स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी 'टॉयलेटचा संक नेमका किती घ्यायचा?' (संक म्हणजे आजूबाजूपेक्षा खाली घेतलेला स्लॅब) असा फोन आला, तर तो फोन त्यालाच येतो.

मी दहावीनंतर कराडला डिप्लोमा केला, मग सांगलीला डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री. डिप्लोमावाल्यांना डिग्रीवाले थोडं खालचं समजतात, पण साइटवर पहिली दोन वर्षं आम्हीच पुढे असतो. लेव्हल लावणं, एस्टिमेट काढणं, मोजमाप घेणं हे हाताखालून गेलेलं असतं. पहिली नोकरी वाकडला, बारा मजली इमारतींवर. काम म्हणजे सळई तपासणं, बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती कापायची-वाकवायची त्याची यादी) काढणं, काँक्रीट येताना ट्रान्झिट मिक्सरपाशी उभं राहून स्लम्प घेणं, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते मोजणं, १५० मिलिमीटरचे क्यूब भरणं, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते फोडून रजिस्टरला आकडे चढवणं. आमचा सळईचा मिस्त्री झारखंडचा होता. इंग्रजी अक्षर ओळखत नव्हता, पण ड्रॉइंग बघून 'मॅडम, ये कॉलम ऊपर जाके कहाँ बैठेगा?' असं विचारायचा आणि बहुतेक वेळा खरोखरच तिथं घोळ असायचा. खालच्या मजल्याचं ड्रॉइंग बघताना वरचा मजला डोळ्यांपुढे आणायची सवय मला त्याच्याकडून लागली. पुढं मुलाखतींमध्ये जे काही उपयोगी पडलं, त्यात या सवयीचा वाटा सगळ्यात मोठा.

पदाला एवढं महत्त्व का आलं, तर शटरिंग बदललं म्हणून. वीट किंवा ब्लॉकच्या भिंती असताना निर्णय लांबवता यायचे. इलेक्ट्रिकचा पॉइंट राहिला, फोडा भिंत. खिडकी सहा इंच सरकवायची, सरकवा. अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग आलं, ज्याला साइटवर सगळे मिवान म्हणतात, त्यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरतात. भिंत काँक्रीटची, सळई घातलेली. स्विचबोर्डची पेटी, पाइपची स्लीव्ह, खिडकीचं माप, एसीच्या पाण्याचा पाइप हे सगळं काँक्रीट पडायच्या आधी जागेवर लागतं. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे शटरिंगची पॅनेलं तुमच्या इमारतीच्या मापाने कारखान्यात तयार होऊन येतात. एकदा मापांवर सही झाली की नंतरचा प्रत्येक बदल म्हणजे नवी पॅनेलं, नवा खर्च आणि काही आठवडे. सूर लागला की आठ-दहा दिवसांत एक मजला चढतो. अशा साइटवर एक ड्रॉइंग चार दिवस उशिरा आलं, तर अख्खी गँग बसून राहते आणि ठेकेदार बसलेल्या माणसांचं बिल लावतो. पूर्वी आर्किटेक्टच्या ऑफिसात हेलपाटे घालायला एखादा ज्युनिअर पुरायचा. आता त्या हेलपाट्यांमागे लाखांचं गणित आलं, आणि त्यासाठी जबाबदार माणूस ठेवणं कंपन्यांना परवडायला लागलं.

साइटवर सीनिअर झाल्यावर मी प्लॅनिंगला जायचं ठरवलं. आमचे प्रोजेक्ट हेड म्हणाले, 'ऊन सोसत नाही त्यांनी प्लॅनिंगला जावं.' ऊन सोसत होतं. सोसत नव्हती ती रोजची आग विझवण्याची गंमत. आज सिमेंट नाही, उद्या ड्रॉइंग नाही, परवा छठला गेलेली माणसं परत आली नाहीत. हे सगळं आधी दिसायला हवं असं वाटत होतं.

प्लॅनिंगमध्ये एमएस प्रोजेक्ट शिकले, प्रायमाव्हेरा शिकले. सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं, त्याचा बाऊ करू नये. खरं शिकायला मिळालं ते वेगळंच. वेळापत्रकातला क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांची साखळी लांबली की सगळं प्रोजेक्ट लांबतं ती साखळी, साइटवर क्वचितच असते. ती असते लिफ्टच्या ऑर्डरमध्ये, महापालिकेच्या मंजुरीत, फायरच्या ना-हरकतीत, टाइल कोणती घ्यायची यावर मालकांच्या घरी चाललेल्या चर्चेत. स्लॅबच्या तारखेपासून मी उलटं मोजत जायचे. सळई कधी यायला हवी, त्याआधी बार बेंडिंग शेड्यूल कधी, त्याआधी स्ट्रक्चरचं ड्रॉइंग कधी, त्याआधी आर्किटेक्टने प्लॅन कधी गोठवायला हवा. उलटं मोजत गेलं की बहुतेक वेळा शेवटची तारीख मागच्या महिन्यात निघायची. मीटिंगमध्ये हे सांगितलं की कुणालाच आवडायचं नाही. पण हळूहळू लोक तारखा विचारायला माझ्याकडे यायला लागले.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. साइटवरची माणसं आधी अडकली आणि मग मिळेल त्या मार्गाने गावी गेली. त्या दिवसांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. माझ्यापुरतं सांगायचं तर घरी बसून मी करार वाचायला सुरुवात केली, कारण प्रत्येक ठेकेदाराचं मुदतवाढीचं पत्र येऊन पडत होतं आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. तोवर करार ही वकिलांची गोष्ट आहे असं मी धरून चालले होते, आणि साइटवरचे नव्वद टक्के इंजिनिअर आजही तसंच धरून चालतात. उशिराचा दंड करारात लिहिलेला असला तरी भारतीय करार कायदा, १८७२ याची कलमं ७३ आणि ७४ नुकसानभरपाईबद्दल काय म्हणतात. करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. जास्तीची आयटम कोणत्या दराने मोजायची. रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, पैसे कधी सोडायचे. हे सगळं तेव्हा डोक्यात शिरलं. मेट्रोच्या कामावर असलेल्या एका मैत्रिणीने फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकातलं, म्हणजे नमुना करारातलं, २०.१ हे कलम वाचायला दिलं. काही घडल्याचं कळल्यापासून २८ दिवसांत ठेकेदाराने नोटीस दिली नाही, तर त्याचा त्या कारणापुरता हक्कच जातो. अठ्ठावीस दिवस. आमच्याकडे तोंडी 'बघू, करू' मध्ये सहा महिने जातात.

पीएमपीचं म्हणाल तर केलं, आणि त्याबद्दल माझं मत मिश्र आहे. डिग्रीवाल्याला ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. मी दिली तेव्हा १८० प्रश्न होते आणि २३० मिनिटं. सूत्रं-बित्रं फारशी विचारत नाहीत. प्रश्न असे की अमुक भांडण झालंय, तमुक माणूस सोडून गेलाय, ग्राहकाने बदल मागितलाय, तर मॅनेजरने सगळ्यात आधी काय करावं? चारही उत्तरं बरी दिसतात. 'वरिष्ठांना कळवावं' हे उत्तर जवळजवळ कधीच बरोबर नसतं, आणि आपल्याकडे ऑफिसात तर नेमकं तेच आधी करतात, त्यामुळे मला पहिल्या सराव परीक्षांमध्ये मजा आली. निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल आणि त्याच्या संकरित पद्धतींचे होते, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत करून दर वेळी ग्राहकाचं मत घेत पुढे जायच्या पद्धतींचे. स्लॅब दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये थोडा-थोडा भरून ग्राहकाचं मत घेता येत नाही, हे परीक्षा काढणाऱ्यांच्या गावी नसतं. तरी अभ्यासाचा एक फायदा झाला. बदल मागितला की आधी त्याचा परिणाम मोजायचा, मग मंजुरी, मग काम, हा क्रम अंगवळणी पडला. बाकी उपयोग नोकरी कुठं करायची त्यावर आहे. आखातात आणि परदेशी सल्लागार कंपन्यांत त्या तीन अक्षरांवाचून बायोडेटा पुढे सरकत नाही. पुण्यातल्या मालकाच्या कंपनीत मला त्याबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही.

निकमारबद्दलही तेच विचारतात. बालेवाडीच्या संस्थेत शिकलेले माझे दोन सहकारी उत्तम आहेत, कॉन्ट्रॅक्ट आणि कॉस्टिंग त्यांना माझ्याआधी कळत होतं. वर्ष-दोन वर्षं साइट बघून गेलात तर सोनं होईल. थेट कॉलेजातून गेलात तर पुस्तकं पाठ होतात, पण एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, कशी भरतात ते ठाऊक नसतं. आणि माझ्यासारखं संसार, गृहकर्ज आणि दहा वर्षांचा अनुभव असताना दोन वर्षं पगार सोडून जाणं मला जमणारं नव्हतं, म्हणून मी गेले नाही.

मग मुलाखती सुरू झाल्या. एका ठिकाणी एचआरच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला की मुलगी लहान आहे, रात्री स्लॅब असला तर काय करणार? पद डिझाइनचं होतं. मी म्हटलं, रात्रीचे स्लॅब मी मुलगी पोटात असतानाही भरले आहेत, पण या पदाला रात्री स्लॅबवर जायची वेळ आली तर तुमच्या डिझाइन विभागाचं काहीतरी बिनसलंय. पुढचा फोन आला नाही. बरंच झालं.

जिथं काम मिळालं तिथली मुलाखत वेगळी होती. टेबलावर चार ड्रॉइंगं ठेवली, एका फ्लॅटची: आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरचं, प्लंबिंगचं, इलेक्ट्रिकलचं. म्हणाले, अर्ध्या तासात बघा आणि काय वाटतं ते सांगा. मी आधी चारही कागदांवरच्या तारखा आणि रिव्हिजन नंबर पाहिले. आर्किटेक्टचं आर-थ्री होतं आणि प्लंबिंगवाल्याने काम आर-वन वर केलं होतं, म्हणजे त्याचा डक्टच, पाइप नेण्याची उभी पोकळी, जुन्या जागी. टॉयलेटचा स्लॅब स्ट्रक्चरमध्ये दोनशे मिलिमीटर खाली दाखवला होता, आणि प्लंबिंगच्या सेक्शनमध्ये नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याला, उतारासकट लागणारी उंची त्यात बसत नव्हती. डक्टच्या दाराच्या डोक्यावर बीम येत होता, म्हणजे माणूस वाकूनसुद्धा आत शिरला नसता. इलेक्ट्रिकचा एक बोर्ड नेमका सळईची गर्दी असलेल्या भिंतीच्या टोकाला होता. एवढं सांगून मी थांबले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: यातलं कोण हलेल? बीम हलणार नाही, ते सोपं. पण ट्रॅप की संक? संक वाढवला तर खालच्या मजल्याच्या टॉयलेटची छताची उंची जाते, विक्रीच्या कागदात लिहिलेली. ट्रॅप बदलला तर प्लंबिंगची पद्धत बदलते, खर्च वाढतो, पण सगळ्या मजल्यांवर एकदाच. मी ट्रॅप म्हटलं, आणि विक्री विभागाला विचारल्याशिवाय सही करणार नाही असंही म्हटलं. त्या वाक्यावर नोकरी मिळाली, असं नंतर मला साहेबांनी सांगितलं.

पगार पहिल्या वर्षी फारसा वाढला नाही. साइट भत्ता गेला, गाडी गेली. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर सुरुवातीला डिझाइनवाल्यापेक्षा जास्त कमावतो. फरक पुढे पडतो, जेव्हा एकाच्या हाताखाली एक साइट असते आणि दुसऱ्याकडे सहा.

रुजू झाले तेव्हा इलेक्ट्रिकलची ड्रॉइंगं दीड महिना मागे होती. त्या कन्सल्टंटला सगळ्यांनी पाठवलेल्या 'जेंटल रिमाइंडर' मेलांचा ढीग होता. मी मेल पाठवला नाही. अकाउंटला जाऊन त्याची फाइल मागितली. त्याचं बिल अडकलेलं होतं, कारण करारात फीचे टप्पे स्लॅबवर बांधलेले होते. अमुक मजल्याचा स्लॅब झाला की इतके टक्के. त्याचं काम तर स्लॅबच्या कितीतरी आधी संपतं, आणि स्लॅब लांबला तो वेगळ्याच कारणाने. हिशेबवाले नियमाने बरोबर होते आणि तो कन्सल्टंटही फुकट काम करणार नव्हता. मी टप्पे बदलून घेतले. ड्रॉइंगांची यादी करायची, यादीतली इतकी दिली की इतकी फी. मालकांना पटवायला वेळ लागला, कारण पैसे आधी सुटणार होते. पण बिल सुटलं आणि पुढच्या आठवड्यात ड्रॉइंगं यायला लागली. तेव्हापासून कुठल्याही प्रोजेक्टवर ड्रॉइंग अडकलं की मी आधी बिल कुठं अडकलंय ते बघते. अभियांत्रिकीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हे नाही, आणि माझ्या कामाचा चौथा हिस्सा हाच आहे.

दुसरा हिस्सा मालकांचा. आमचे मालक वाईट नाहीत, हौशी आहेत. परदेशात काही पाहून आले की इथं हवं असतं. एकदा पोडियमवरचा, म्हणजे पार्किंगच्या छतावरचा, पोहण्याचा तलाव एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचा असं ठरलं. मॉडेलमध्ये छान दिसत होता. अर्ध्याहून जास्त फ्लॅट विकले गेले होते. अशा वेळी ज्युनिअर असताना आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि 'होय साहेब' म्हणायचो. मी एक पानाची टिपण तयार केली. नाही म्हटलं नव्हतं त्यात कुठेच. पहिलं: जिथं तलाव न्यायचा तिथला स्लॅब बागेच्या मातीसाठी डिझाइन केलाय. पाण्याची एक मीटर खोली म्हणजे चौरस मीटरला एक टन, त्यावर तलावाच्या भिंती आणि तळाचं वजन वेगळं. खालचे कॉलम झालेले आहेत, त्यांना जॅकेटिंग, म्हणजे भोवती काँक्रीटचा जादा थर, लागेल, खालच्या पार्किंगची रुंदी कमी होईल. दुसरं: मंजूर नकाशा बदलेल, फायरची गाडी फिरायचा रस्ता पुन्हा तपासून घ्यावा लागेल. तिसरं: रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात, सामायिक सोयींमध्ये असा बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती लागते. प्रत्येकासमोर महिने आणि रुपये. मालकांनी पान वाचलं, चहा मागवला, आणि म्हणाले, 'राहू दे तलाव आहे तिथंच. बाजूची शेड तरी चांगली करा.' शेड चांगली केली. त्याच महिन्यात त्यांना लॉबीची फरशी बदलायची होती, ती मी त्याच दिवशी होकार देऊन बदलून दिली, कारण ऑर्डर गेलेली नव्हती.

रेराने आमच्या कामाचं वजन वाढवलं, हे मान्य करायला हवं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि काम जितकं झालं तितकेच काढता येतात, तेही आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांवर. म्हणजे 'किती टक्के काम झालं' हा आकडा पूर्वी मीटिंगमध्ये फेकायचा असायचा, आता त्यावर सही असते. ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं तपशीलवार ड्रॉइंग मागायला गेलं की पूर्वी 'मिस्त्रीला माहीत असतं' असं उत्तर मिळायचं. आता मिळत नाही.

नियमांचं वाचन सुटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, युडीसीपीआर. क्षेत्रफळाची मोजणी पी-लाइनवर, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या कडेवर, आली, निवासी बांधकामाला ६० टक्के आणि बाकीच्यांना ८० टक्के अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे मूळ चटई क्षेत्रावर मिळणारं जादा क्षेत्र, आला, आणि चालू प्रोजेक्टांचे प्लॅन पुन्हा मांडायला लागले. मंजुरीचं काम लायझनिंगवाले बघतात, पण कोणता बदल केला तर किती फूट मिळतात आणि किती महिने जातात हे मीटिंगमध्ये ज्याला तोंडावर सांगता येतं, त्याचं ऐकलं जातं.

बिमबद्दल, म्हणजे इमारतीचं संगणकावर त्रिमिती मॉडेल करण्याबद्दल, खूप बोललं जातं. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून सगळ्या कन्सल्टंटांची कामं एकावर एक ठेवली की शेकडो ठिकाणी लाल खुणा येतात. तरुणांनी हे शिकलंच पाहिजे, यात मला शंका नाही. पण लाल खूण दिसली म्हणून प्रश्न सुटत नाही. डक्ट हलवायचा की पाइप, आणि त्याचे पैसे कोण देणार, हे मॉडेल सांगत नाही. शिवाय त्या शेकडोंपैकी बहुतेक खुणा फालतू असतात. कोणत्या दहा खऱ्या, हे कळायला साइटवर वाकून पाइप जोडणारा प्लंबर पाहिलेला असावा लागतो.

आमचे आर्किटेक्ट वयाने मोठे, नाव मोठं. सुरुवातीला ते माझ्याशी बोलायचेच नाहीत, मला वगळून साहेबांशी बोलायचे. या पदावर आर्किटेक्टही येतात आणि सिव्हिलवालेही, आणि दोघांना एकमेकांबद्दल खोल संशय असतो. त्यांची पाच वर्षांची पदवी, १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिलची नोंदणी; आम्हाला अशी देशभराची सक्तीची नोंदणी नाही, आणि ते हे आठवून देतात. मी त्यांच्या ऑफिसात साइटचे फोटो घेऊन जायला लागले, तक्रारीचे नव्हे, झालेल्या कामाचे. एकदा मी विचारलं की हा छज्जा एवढा बाहेर का, अडीच फुटांत भागेल. त्यांनी काहीच न बोलता पश्चिमेच्या उन्हाचा कोन काढून दाखवला, मे महिन्यात चार वाजता ऊन खोलीत कुठवर येईल ते. तेव्हापासून काही कापायचं सुचवण्याआधी ते तिथं का आहे हे मी विचारते. तेही आता ड्रॉइंग पाठवण्याआधी फोन करतात: 'हे साइटवर होईल ना गं?'

संधी कुठं आहेत, हा मूळ प्रश्न. माझ्या ओळखीतली माणसं जिथं गेली त्यावरून सांगते. बिल्डरांकडे डिझाइन आणि कॉन्ट्रॅक्टची पदं आहेत. पुण्यात परदेशी सल्लागार कंपन्यांची ऑफिसं आहेत, जिथं बसून लंडनच्या नाही तर रियाधच्या प्रकल्पांचं काम होतं. तिथं संहिता त्यांच्या, वेळा त्यांच्या, आणि इंग्रजी मेल नीट लिहिता आला पाहिजे. नवी मुंबईतली डेटा सेंटरं वीज आणि एसीचं काम कळणाऱ्या मॅनेजरच्या शोधात असतात, सिव्हिल तिथं दुय्यम. माझा एक वर्गमित्र पीडब्ल्यूडीत आहे. त्याची वाट एमपीएससीची, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशी. त्याच्या टेबलावर पैशाचे आकडे माझ्यापेक्षा कितीतरी मोठे असतात आणि बदलीची चिंताही. साइटवरच राहून प्रोजेक्ट मॅनेजर झालेल्यांना कमी समजू नका. चांगला साइट मॅनेजर मिळत नाही अशी ओरड मी दर आठवड्याला ऐकते.

सध्या माझ्यापुढे एक प्रस्ताव आहे. जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं काम वाढलंय, आणि सहकार कायद्याच्या ७९-अ खालच्या २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीला त्यासाठी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमावा लागतो. दोन आर्किटेक्ट मित्र अशी सल्लागार फर्म काढताहेत आणि मला भागीदार व्हा म्हणतात. काम ओळखीचं आहे, फक्त मालक एक नाही, पन्नास सभासद, आणि मीटिंग रविवारी संध्याकाळी, सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. फी टप्प्याटप्प्याने येते, आणि सभासदांचं भांडण कोर्टात गेलं की पुढचा टप्पा किती वर्षांनी येईल ते सांगता येत नाही. मी त्यांना करारनाम्याचा मसुदा मागितलाय. फीचे टप्पे कशावर बांधलेत ते आधी बघणार आहे.